राडारोड्याच्या खडीला दरसूचीत एक ओळ द्या : दरसूची ठरवणाऱ्या अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागात आणि महापालिकांमध्ये बांधकामाची दरसूची (प्रत्येक कामाचे आणि मालाचे सरकारी दर देणारी यादी) तयार करणारे सर्व अभियंते

सस्नेह नमस्कार.

मी ज्या इमारतीत लहानाचा मोठा झालो, ती गेल्या वर्षी पाडली. कोथरूडमधली तीन मजली सोसायटी, चोवीस बिऱ्हाडं, ऐंशीच्या दशकातलं बांधकाम. रीडेव्हलपमेंटला गेली. पाडकाम चालू असताना प्लांटवरून घरी परतताना मी रोज तिथे पाच मिनिटं थांबायचो. एका रविवारी सकाळपासून फाटकासमोर बसून राहिलो आणि गाड्या मोजल्या. दुपारच्या जेवणापर्यंत चौदा हायवा डंपर भरून गेले. एका ड्रायव्हरला विचारलं, माल कुठे टाकणार? तो म्हणाला, "बघू साहेब. काल जिथं टाकला तिथं आज उभं राहू देत नाहीत."

चार महिन्यांनी त्याच प्लॉटवर पायाचं पीसीसी, म्हणजे सळईशिवायचं काँक्रीट, सुरू झालं. त्याच फाटकातून खडीच्या गाड्या आत येऊ लागल्या. वाघोलीच्याही पलीकडून, डोंगर फोडून आणलेली काळी खडी. शहरभर फिरून ती आली आणि जमिनीखाली चार इंचांचा थर होऊन बसली. त्या थराला एवढ्या चांगल्या खडीची गरज नव्हती. त्याला लागेल असा माल चार महिन्यांपूर्वीच, ठेकेदाराच्या खर्चाने, कुठल्यातरी ओढ्याच्या काठावर ओतून झाला होता.

मी काँक्रीटचा माणूस आहे. बावीस वर्षं आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटच्या लॅबमध्ये खडी चाळली, स्लंप म्हणजे काँक्रीटचा पातळपणा मोजला, ताकद तपासायला काँक्रीटचे क्यूब फोडले. हे पत्र पर्यावरणाच्या कळवळ्यापोटीच लिहिलं असतं तरी त्यात मला काही गैर वाटलं नसतं, पण ते तसं नाही. हे पत्र भावाबद्दल आहे. राडारोड्याची खडी चालते की नाही, हा प्रश्न कागदावर केव्हाच सुटलेला आहे. ती कुठे परवडते, कुठे परवडत नाही आणि न परवडण्याचं कारण काय, यावर मात्र आपल्याकडे नीट बोलणंच होत नाही. आणि ते कारण बऱ्याच अंशी तुमच्या टेबलावर आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी कागदांचं. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाची २०१६ची सुधारित आवृत्ती तुमच्या सगळ्यांच्या कपाटात आहे. तिने जुन्या काँक्रीटपासून केलेल्या खडीला साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आरसीसीत (सळईच्या काँक्रीटमध्ये) एम२५ या ताकदीच्या ग्रेडपर्यंत २० टक्के आणि एम१५च्या खालच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के परवानगी दिली. विटा, गिलावा मिसळलेल्या मालालाही लीन काँक्रीटमध्ये १०० टक्के मुभा आहे. त्याच वर्षी २९ मार्चला केंद्राचे बांधकाम आणि पाडकाम कचरा नियम आले. सरकारी आणि पालिकेच्या कामांत १० ते २० टक्के माल या कचऱ्यातून तयार झालेला घ्यावा, असं त्यात म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १२१ ही पुस्तिका आली. म्हणजे मानक आहे, नियम आहे, मार्गदर्शक पुस्तिका आहे. पण मी ज्या ज्या सरकारी कामांना काँक्रीट दिलं, त्यांच्या अंदाजपत्रकांत 'पुनर्वापरातली खडी' असं लिहिलेली ओळ मला कधी भेटली नाही. आणि तुम्ही जाणता, साइटवरच्या ज्युनियर इंजिनियरच्या दृष्टीने जे दरसूचीत नाही ते अस्तित्वातच नाही. त्याने ते वापरलं तर मोजमाप पुस्तकात काय लिहायचं, बिल कुठल्या आयटमखाली काढायचं आणि उद्या ऑडिटवाल्यांना काय सांगायचं? तो बिचारा डोंगरातली खडीच घेणार. मी त्याला दोष देत नाही.

आता खडीचं बोलू. माझ्या टेबलावर आत्ता दोन दगड आहेत. एक वाघोलीकडच्या खाणीतला वीस एमएमचा, काळा, धारदार, हातात घेतला की वजन जाणवतं. दुसरा आमच्या जुन्या इमारतीच्या कॉलममधला. तोही आतून तोच काळा बेसॉल्ट, पण त्याच्या तीन बाजूंना जुन्या मॉर्टरची राखाडी साल चिकटलेली आहे. नखाने खरवडली तर पीठ पडतं. राडारोड्याच्या खडीचं सगळं अर्थकारण या सालीत आहे. बेसॉल्टची खडी साधारण एक टक्का, कधी त्याहून थोडं अधिक पाणी पिते. ही साल असलेली खडी चार-पाच टक्के सहज पिते, कधी जास्तही. मानकाने दहा टक्क्यांपर्यंत सूट दिली आहे, पण अट घालून की मिक्सरमध्ये टाकण्यापूर्वी खडी भिजवून घ्यावी.

ही अट कोणी मोडली की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका कामावर आम्ही चाचणी म्हणून थोडी अशी खडी घातली होती. ढीग आदल्या रात्री भिजवायचा होता, पण टँकर आला नाही आणि सकाळी घाईत कोरडीच वापरली गेली. प्लांटवर स्लंप १४० आला. गाडी सिंहगड रस्त्यावर पाऊण तास अडकली. साइटवर पोचेपर्यंत स्लंप सत्तरच्या आसपास, पंप ओढेना. मुकादमाने ड्रायव्हरला खूण केली, ड्रायव्हरने पाइप लावला आणि ड्रममध्ये पाणी सोडलं. त्या गाडीचे क्यूब २८ दिवसांनी कमी आले. सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं, राडारोड्याची खडी वाईट. खडी तहानलेली होती आणि तिला पाणी द्यायचं काम आमचं होतं. ती चूक माझ्या लॅबची होती, हे मी तेव्हाही लिहून दिलं होतं आणि आजही सांगतो.

तर आता हिशेब. भाव गावोगाव बदलतात, म्हणून मी गोल आकडे धरतो आणि तुम्ही तुमच्या तालुक्याचे घालून पाहा. समजा डोंगरातली खडी सहाशे रुपये टन पडते आणि राडारोड्याची चारशे. सिमेंटची गोणी साडेतीनशे, म्हणजे किलोला सात रुपये.

एम२५च्या एक घनमीटर आरसीसीत साधारण ११५० किलो मोठी खडी जाते. मानकाप्रमाणे तिच्यातली २० टक्के बदलली, म्हणजे २३० किलो. साल असलेली खडी हलकी असते, त्यामुळे तेवढीच जागा भरायला दोनशे किलो पुरते. १३८ रुपयांच्या जागी ८० रुपये. वाचले अठ्ठावन्न रुपये, आणि ते आठ किलो सिमेंटच्या किमतीइतकेच. एवढ्या कमी प्रमाणात खडी बदलली तर ताकद फारशी ढळत नाही हे खरं, पण माल बदलला की कुठलाही सावध क्वालिटी इंजिनियर सुरुवातीला पाच-दहा किलो सिमेंट वाढवूनच घेतो. मीही घेतलं असतं. झालं, बचत संपली. वर भिजवण्याचा खर्च, वेगळा ढीग, वेगळा बिन, जास्तीच्या चाचण्या. ज्या काँक्रीटचा घनमीटर पाच हजारांच्या पुढे जातो त्यात अठ्ठावन्न रुपयांसाठी कोण एवढा व्याप करील?

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की स्लॅब-कॉलमच्या वादात तूर्त पडूच नका. चर्चासत्रांत जेव्हा जेव्हा या खडीचा विषय निघतो, तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो : आरसीसीत वापरायची का? मग भूकंप, गंज, क्लोराइड, चाळीस वर्षांनी काय, असं करत करत चहाची वेळ होते. हे प्रश्न खोटे नाहीत. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या जुन्या इमारतींतल्या काँक्रीटमध्ये क्षार मुरलेले असू शकतात आणि ते न तपासता सळईजवळ नेणं चूकच. पण जिथे जोखीम सगळ्यात जास्त आणि बचत सगळ्यात कमी, तिथूनच आपण सुरुवात करायला बघतो.

आता तोच हिशेब पायाखालच्या पीसीसीचा करा. एकास चार आठच्या (एक भाग सिमेंट, चार भाग बारीक कच, आठ भाग खडी) काँक्रीटमध्ये खडी आणि कच मिळून एका घनमीटरला एकोणीसशे किलोच्या आसपास माल जातो. १०० टक्के बदलायला मानकाची मुभा आहे. डोंगरातल्या मालाचे ११४० रुपये होतात. राडारोड्याचा माल हलका असल्याने १६७० किलो धरला, तर ६६८ रुपये. फरक ४७२. त्यातून पंधरा किलो जादा सिमेंटचे १०५ आणि भिजवणं, हाताळणीचे साठ वजा केले तरी घनमीटरमागे तीनशे रुपये उरतात. इथे सळई नाही, त्यामुळे गंजाचा प्रश्न नाही. ताकदीची अपेक्षा बेताची. आणि असलं काँक्रीट आपण किती ओततो याचा विचार करा : प्रत्येक फूटिंगखाली, प्रत्येक गटाराच्या तळाशी, फूटपाथच्या खाली, ड्रेनेजच्या पाइपांच्या भोवती, केबल टाकून झाल्यावर बुजवलेल्या चरात. काँक्रीट रस्त्यांच्या खालचे थर तर वेगळेच. मी उद्या आयुक्त झालो तर स्लॅबकडे बघणारही नाही. आधी जमिनीखालचं सगळं या मालावर नेईन.

एक बारकी गोष्ट दरसूचीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आपल्याकडे खडी अजूनही ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाने, विकली जाते आणि प्लांटवर काट्यावर टनाने मोजली जाते. राडारोड्याची खडी एका ब्रासला बेसॉल्टपेक्षा दहा-बारा टक्के कमी भरते. काँक्रीट घनफळाने बनतं. तेव्हा दर टनाने धरला तर घेणाऱ्याचा फायदा, ब्रासने धरला तर विकणाऱ्याचा. ओळ लिहाल तेव्हा एकक काळजीपूर्वक निवडा, नाहीतर पहिल्याच वर्षी दोन्ही बाजूंनी भांडणं सुरू होतील आणि माल बदनाम होईल.

इथवर मी खडीचा भाव बोललो. पण खडीचा धंदा हा खरा चाकांचा धंदा आहे. मोठी हायवा वीस टनांच्या आसपास नेते. टनाला किलोमीटरमागे पाच रुपये धरले, तर दोन खडींमधला दोनशे रुपयांचा फरक चाळीस किलोमीटरांत खलास होतो. पुण्याच्या बाबतीत हे नकाशावर बोट ठेवून बघा. महापालिकेचा राडारोडा प्रकल्प वाघोलीला. आणि आपल्या खडी क्रशरचा जुना पट्टा कुठे? तोही वाघोली-लोणीकंदचा. म्हणजे कोथरूडची इमारत पाडली की माल वीस-बावीस किलोमीटर शहर ओलांडून जाणार, तिथे त्याची खडी होणार आणि ती खडी शेजारच्या क्रशरमधल्या ताज्या खडीबरोबर त्याच रस्त्याने, त्याच भाड्यात परत येणार. राडारोड्याच्या खडीचा सगळ्यात मोठा गुण हा की तिची खाण शहराच्या मध्यात असते. तो गुण आपण तिला खाणीशेजारी नेऊन बसवून काढून घेतला. जागा तिथेच मिळाली असेल, मला त्यातल्या अडचणी कळतात. पण मग हिशेब करताना 'बघा, हिचा भाव तर खडीएवढाच पडतो' असं म्हणू नये.

शहराच्या चार बाजूंना चार छोटी आवारं हवीत. एक जॉ क्रशर, एक चुंबक, दोन चाळण्या, धुरळा दाबायला पाण्याचे फवारे आणि वजनकाटा, बस. राडारोडा घेऊन आलेली गाडी रिकामी परत जाऊ नये, खडी भरून जावी. आमच्या इमारतीच्या शंभराच्या आसपास फेऱ्या झाल्या असतील. प्रत्येक गाडी जाताना भरलेली, येताना रिकामी. नंतर खडीच्या गाड्या येताना भरलेल्या, जाताना रिकाम्या. या रिकाम्या फेऱ्यांचं डिझेल कुठल्याच रेट अॅनालिसिसमध्ये 'वाया' म्हणून दिसत नाही, कारण पाडकामाचा आयटम वेगळा, पायाचा वेगळा आणि दोन्हींचे ठेकेदारही वेगळे.

पाडकामाच्या निविदेत सर्रास एक वाक्य असतं : निघालेल्या राडारोड्याची विल्हेवाट ठेकेदाराने स्वखर्चाने लावावी. हे वाक्य लिहिणाऱ्याला वाटतं की खर्च शून्य झाला. खर्च शून्य होत नाही, तो नदीकडे सरकतो. मुठेच्या काठाने चालत गेलात तर तुम्हाला तो ढिगांच्या रूपात भेटेल. नंतर तोच राडारोडा उचलायला पालिका निविदा काढते, तेव्हा पैसे आपल्याच करातून जातात. मुंबईने तर याची फार मोठी किंमत मोजली आहे. देवनारच्या कचराभूमीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने २९ फेब्रुवारी २०१६ रोजी शहरातल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या. सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला तो मार्च २०१८ मध्ये, आणि तोही राडारोडा कुठे टाकणार याच्या अटी घालून. दोन वर्षं थांबलेल्या बांधकामांचं व्याज कोणी मोजलं असेल तर त्याला विचारा, राडारोडा टाकायच्या जागेचा भाव काय असतो. आता मुंबईच्या राडारोड्यासाठी दहिसरला आणि शिळफाट्याजवळ डायघरला प्रत्येकी दिवसाला ६०० टनांचे प्रकल्प उभे आहेत. दिल्लीने बुराडीला २००९ मध्येच सुरुवात केली होती, दिवसाला ५०० टनांनी. तिथल्या मालाच्या विटा सर्वोच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीतही लागल्या.

प्रकल्प उभे राहणं ही अर्धी गोष्ट. त्यांचं पोट भरणं ही उरलेली. क्रशर, चुंबक, धुण्याची टाकी, गाळ दाबायचं यंत्र, माणसं, वीज यांचा महिन्याचा बांधील खर्च समजा बारा लाख आहे. महिन्याला पाच हजार टन माल आला तर तो टनाला २४० रुपये बसतो. दोन हजारच आला तर सहाशे. सहाशेला तर डोंगरातली खडी मिळते! म्हणजे खडीचा भाव यंत्र ठरवत नाही, फाटकातून आत येणाऱ्या गाड्यांची संख्या ठरवते. आणि इथेच नेहमीचा पेच येतो. राडारोडा टाकायला शुल्क जास्त लावलं तर गाडी रात्री ओढ्यावर जाते. शुल्क माफ केलं तर प्रकल्प बुडतो.

या पेचातून सुटायचा मला सुचणारा मार्ग साधा आहे. पाडकामाची परवानगी देतानाच क्षेत्रफळावरून अंदाजे टन काढा आणि तेवढ्या टनांची अनामत बांधकाम करणाऱ्याकडून आगाऊ घ्या. त्याने प्रकल्पाच्या काट्याच्या पावत्या आणून दिल्या की शुल्क कापून उरलेली अनामत परत करा. पावत्या नाहीत तर अनामत जप्त. रात्री गस्त घालायला नवी पथकं नकोत, पाठलाग नको. ज्याचे पैसे अडकलेत तोच ड्रायव्हरला फोन करून विचारील, पावती घेतलीस का? केंद्राचे २०२५चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत आणि वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर त्यांनी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, म्हणजे निघालेला कचरा मार्गी लावण्याची जबाबदारी, टाकली आहे. चांगलं आहे. पण आमच्यासारख्या तीन मजली सोसायट्या त्या आकड्याच्या कितीतरी खाली येतात, आणि पुण्यात गल्लोगल्ली चालू आहे ती रीडेव्हलपमेंट याच आकाराची आहे. त्यांच्यासाठी अनामतच लागेल.

बाहेरच्या देशांत ही खडी का चालते असं विचारलं की लोक तिथल्या यंत्रांकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. ब्रिटनने १९९६ मध्ये कचरा पुरण्यावर कर लावला आणि २००२ मध्ये खाणीतल्या खडी-वाळूवर टनाला १.६० पौंडांचा आकार बसवला. एका टोकाला टाकणं महाग केलं, दुसऱ्या टोकाला नवं काढणं महाग केलं, आणि मधली खडी आपोआप परवडू लागली. जपानने २००० साली कायदा करून पाडकामातच वर्गवारी सक्तीची केली. आज तिथलं ९८ टक्क्यांहून अधिक जुनं काँक्रीट पुन्हा वापरलं जातं, आणि त्यातलं बहुतेक इमारतींच्या खांबांत न जाता रस्त्यांच्या पायात जातं. मी वर जमिनीखालच्या कामांवर एवढा भर का देतो, ते यावरून लक्षात येईल.

वर्गवारीवरून आमच्या पाडकामाचं सांगतो, कारण माल तिथेच बनतो किंवा बिघडतो. पाडणारा ठेकेदार आपल्याकडे पैसे घेत नाही, उलट बहुतेकदा तोच सोसायटीला किंवा बिल्डरला पैसे देतो. त्याची कमाई सळईत, दारं-खिडक्यांत, ग्रिलमध्ये, नळांत. पोकलेन कॉलम फोडतो, चार पोरं ब्रेकर आणि घण घेऊन सळई मोकळी करतात, किलोने भंगारात जाते. सळई निघाली की त्याच्या दृष्टीने बाकी सगळं ओझं. मग बीमचे तुकडे, विटा, टाइल्स, पीओपीची सीलिंग, थर्माकोल, कोणाच्या तरी देवघरातली संगमरवरी फरशी, सगळं एका ढिगात. पीओपी म्हणजे जिप्सम. ते काँक्रीटच्या खडीत गेलं की सल्फेट वाढतं आणि माल काँक्रीटला निकामी होतो. दोन मजूर दोन दिवस आधी लावून सीलिंग उतरवून घेतलं असतं तर? तेवढ्या मजुरीवर अख्ख्या इमारतीच्या मालाचा दर्जा ठरतो. विटांशिवायचं काँक्रीट वेगळं ठेवलं तर त्याला एक भाव, मिसळलेल्याला दुसरा भाव, असं प्रकल्पाच्या फाटकावर लिहून ठेवा. ठेकेदार किलोकिलोने सळई वेगळी करतो, तो काँक्रीटही वेगळं करील. त्याला फक्त त्यात पैसे दिसले पाहिजेत.

लोक ही खडी घेणार नाहीत, अशी शंका तुमच्यातल्या काहींना असेल. मला क्रश सँडचे दिवस आठवतात. मी नोकरीला लागलो तेव्हा वाळू म्हणजे नदीची वाळू. क्रशरच्या बारीक मालाला सगळे 'डस्ट' म्हणायचे आणि मिस्त्री ती गिलाव्याला हात लावू द्यायचे नाहीत. आमच्या एका जुन्या सुपरवायझरने तर साइटवर आलेली क्रश सँडची गाडी फाटकातून परत पाठवली होती. मग नदीची वाळू दुर्मीळ झाली, क्रशरवाल्यांनी चांगली यंत्रं आणली, मालाला गोलाई आली, आणि आज पुण्यातलं काँक्रीट त्याच वाळूवर उभं आहे. सरकारनेही २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आणलं, स्वामित्वधन (रॉयल्टी) ब्रासला ६०० वरून २०० रुपयांवर आणलं. हे योग्यच झालं. पण ती वाळूसुद्धा डोंगर फोडूनच होते. डोंगराला हात न लावता होणाऱ्या खडीला यापेक्षा थोडं अधिक मिळावं, एवढंच मागणं आहे.

अधिकाचं सोडा, आज तिला रस्त्यावरून नीट जाऊही देत नाहीत. माझ्या ओळखीचा एक पेव्हर ब्लॉकवाला राडारोड्याचा कच आणतो. त्याची गाडी तपासणी पथकाने अडवली. रॉयल्टीची पावती दाखव. त्याने सांगितलं, हा खाणीतला माल नाही, इमारतीचा आहे. पथकातल्या माणसाने मूठभर कच हातात घेतला, बोटांत चोळला आणि म्हणाला, "दिसतो तर खडीसारखाच." गाडी रात्रभर उभी. त्या महिन्यात त्याने पुन्हा साधी क्रशरची ग्रिट मागवायला सुरुवात केली. एका रात्रीच्या खोळंब्याने वर्षभराचा ग्राहक गेला. प्रकल्पातून निघणाऱ्या मालाला वेगळ्या रंगाचा वाहतूक परवाना दिला तरी हे थांबेल, आणि त्याला एक रुपया लागणार नाही.

तर येत्या दरसूचीत काय हवं ते स्पष्ट लिहितो. एकास चार आठ आणि त्याहून हलक्या काँक्रीटसाठी राडारोड्याच्या खडीचा स्वतंत्र आयटम, भिजवणी धरून. रस्त्याच्या खालच्या थरासाठी दुसरा. पेव्हर आणि कर्बसाठी तिसरा, ताकद चाचणीवरच स्वीकारायचा. पाडकामाच्या आयटममध्ये सीलिंग आधी उतरवणं, काँक्रीट वेगळं ठेवणं आणि काट्याची पावती देणं यांचा दर खुलेपणाने धरा आणि 'स्वखर्चाने विल्हेवाट' हे शब्द काढून टाका. आरसीसीतल्या वीस टक्क्यांचं काय करायचं ते पाच वर्षांनी, हातात पाच वर्षांचे क्यूब आल्यावर ठरवू.

भीती एकच आहे आणि तीही सांगतो. ओळ आली की तिच्या नावाखाली वाटेल तो मलबा खपवणारेही येतील. म्हणून ओळीबरोबर चाचण्यांची वारंवारता लिहा : पाणीशोषण, विटांचं प्रमाण, सल्फेट, आणि मालाच्या प्रत्येक नव्या स्रोतासाठी पुन्हा. माझ्यासारखे लॅबवाले यासाठी रात्रपाळीही करतील. आम्हाला हा माल बदनाम झालेला बघायचा नाही.

त्या रविवारी मी फाटकावरून उठताना मुकादमाला विचारून कॉलमचे काही तुकडे स्कूटरच्या डिकीत घालून आणले. दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलमचे, ज्याच्यावर माझ्या आईने आमची उंची पेन्सिलने लिहून ठेवली होती. रंगाखाली त्या खुणा कधीच गेल्या होत्या. ते तुकडे लॅबमधल्या छोट्या क्रशरमध्ये फोडले, चाळले, एक दिवस भिजवले आणि एकास चार आठचे सहा क्यूब भरले. तीन सात दिवसांनी फोडले, एक २८ दिवसांनी, आणि तो हवा होता त्याच्या वर गेला. उरलेले दोन अजून टाकीत आहेत. दरसूचीच्या बैठकीची तारीख कळवलीत तर घेऊन येतो. तुमच्याच मशिनवर, तुमच्यासमोर फोडू.

आपला,
काँक्रीट प्लांटच्या लॅबमधला एक अभियंता, पुणे